बांधकाम परवानगी: घर किंवा दुकान बांधण्याआधी लोक विचारतात ते प्रश्न

महाराष्ट्रातल्या महापालिका आणि नगरपालिकांच्या हद्दीत बांधकाम परवानगीच्या फायली तयार करण्याचे काम मी बरीच वर्षे करतो आहे. समोर बसलेला माणूस प्रत्येक वेळी नवा असतो, पण प्रश्न बहुतेक तेच असतात. बऱ्याच जणांचा पहिला प्रश्न असतो, "नकाशा पास व्हायला किती दिवस लागतील?" आणि शेवटचा, भोगवट्याचा (म्हणजे पूर्ण झालेले घर वापरायला पालिका देते त्या दाखल्याचा) प्रश्न कोणीच विचारत नाही. सगळा घोळ तिथेच होतो, म्हणून खाली त्या प्रश्नाला मुद्दाम जास्त जागा दिली आहे.

परवानगी नक्की कोणकोणत्या कामाला लागते?

नवे बांधकाम, वाढीव मजला, गच्चीवर बांधलेली खोली, मागच्या अंगणात काढलेले गोडाऊन, जुने घर पाडून नवे बांधणे, प्लॉटची विभागणी किंवा दोन प्लॉट एकत्र करणे, आणि घराचा वापर बदलून दुकान, क्लास किंवा हॉस्पिटल सुरू करणे. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६ मध्ये या सगळ्याला 'विकास' हा एकच शब्द आहे. विकास करायचा तर कलम ४४ खाली अर्ज करावा लागतो आणि त्यावरचा निर्णय कलम ४५ खाली होतो. एक वीटही न रचता फक्त वापर बदलला तरी तो विकासच ठरतो, आणि लोक चुकतात ते इथे.

रंगरंगोटी, फरशी, गिलावा यांनाही?

नाही. गिलावा, रंग, फरशी बदलणे, त्याच उंचीवर छपराची कौले किंवा पत्रे बदलणे, पडलेल्या विटा परत बसवणे यासाठी परवानगी लागत नाही. मात्र 'दुरुस्ती' म्हणता म्हणता कॉलम काढणे, भार पेलणारी भिंत फोडणे, बाल्कनी खोलीत घेणे सुरू झाले, की ती दुरुस्ती राहत नाही. फ्लॅटमधली मधली भिंत काढायची असेल तर ती नुसती आडोशाची आहे की वरचा भार घेते, हे आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून पाहून घ्या. मिस्त्रीच्या अंदाजावर जाऊ नका. तुमच्या वरच्या मजल्यावर माणसे झोपलेली असतात.

परवानगी देते कोण?

जागा ज्याच्या हद्दीत असेल ते नियोजन प्राधिकरण. शहरात महापालिका, नगरपालिका किंवा नगरपंचायत. पुण्याभोवती पीएमआरडीए, मुंबई महानगरात काही भागांत एमएमआरडीए किंवा सिडको, औद्योगिक वसाहतीत एमआयडीसी. हद्दी बदलतात, हेही लक्षात ठेवा. पुणे महापालिकेत २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावे आली, आणि तिथल्या अनेकांना आपली फाईल आता कुठल्या कार्यालयात आहे हेच बराच काळ कळत नव्हते.

नियमावलीही जागेप्रमाणे वेगळी असते. राज्याच्या बहुतेक भागाला डिसेंबर २०२० पासून एकत्रीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू आहे. तिला सगळे यूडीसीपीआर म्हणतात. बृहन्मुंबई तिच्यात येत नाही, तिथे २०१८ मध्ये अमलात आलेली डीसीपीआर २०३४ चालते. एमआयडीसी, नैना (नवी मुंबई विमानतळाभोवतीचे क्षेत्र), गिरिस्थान नगरपरिषदा, लोणावळा आणि पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील जाहीर झालेले भागही बाहेर आहेत. त्यामुळे नाशिकच्या नातेवाइकाने जे केले ते मुंबईत चालेलच असे नाही.

शहराला लागून प्लॉट आहे. ग्रामपंचायतीचा दाखला पुरेल, असे विकणारा म्हणतो. खरे का?

नवा प्लॉट पाडून विकणारे हे वाक्य हमखास ऐकवतात. त्यावर विश्वास ठेवू नका. ग्रामपंचायतीचा अधिकार फार तर गावठाणापुरता. गावठाणाबाहेरच्या जमिनीवर तिचा ना-हरकत दाखला बांधकाम परवानगीची जागा घेऊ शकत नाही. ग्रामपंचायतीने घरपट्टी लावून घेतली म्हणून घर अधिकृत होत नाही. महापालिकेचेही तसेच: महापालिका अधिनियमाच्या कलम २६७अ खाली बेकायदा बांधकामावर दुप्पट शास्ती लावता येते, आणि ती भरली तरी बांधकाम बेकायदाच राहते. करपावतीवर विसंबून आयुष्यभराची कमाई घालणारी माणसे मी पाहिली आहेत, म्हणून हे इतके स्पष्ट सांगतो.

प्लॉट घेण्याआधी तिथे बांधता येईल का, हे कसे तपासायचे?

पहिली पायरी म्हणजे झोन दाखला आणि भाग नकाशा. दोन्ही नगररचना विभागात अर्ज करून मिळतात. जमीन रहिवासी विभागात आहे, शेती विभागात आहे, की तिच्यावर शाळा, उद्यान, रस्ता असे आरक्षण आहे, हे त्यावरून कळते. आरक्षण असेल तर बांधकाम अडते. विकास आराखडा अमलात आल्यापासून १० वर्षांत जमीन संपादन झाली नाही, तर मालक नगररचना अधिनियमाच्या कलम १२७ खाली नोटीस देऊ शकतो. त्यानंतर २४ महिन्यांत संपादनाची पावले उचलली गेली नाहीत तर आरक्षण व्यपगत होते, म्हणजे आपोआप संपते. हक्क खरा आहे, पण घर बांधायची घाई असलेल्याने असा प्लॉट न घेतलेला बरा.

दुसरी गोष्ट रस्ता. समोरचा रस्ता किती रुंद आहे, यावर इमारतीची उंची, एफएसआय (प्लॉटच्या किती पट बांधता येईल तो आकडा) आणि दुकानाला परवानगी मिळणार की नाही, हे ठरते. जागेवर ६ मीटर दिसणारा रस्ता आराखड्यात ९ मीटर असेल, तर उरलेली रुंदी तुमच्या प्लॉटमधून जाऊ शकते.

तिसरी गोष्ट पाणी. नदीकाठच्या शहरांत पाटबंधारे विभाग दोन रेषा आखतो. निळी पूररेषा साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. नदी आणि निळी रेषा यांच्या मधल्या पट्ट्यात घर बांधता येत नाही. निळ्या आणि लाल रेषेच्या मध्ये अटींवर, जोते लाल रेषेच्या वर ठेवूनच. सांगली-कोल्हापूरकरांनी २०१९ मध्ये आणि परत २०२१ मध्ये पाणी घरात आलेले पाहिले आहे, त्यांना या रेषा समजावून सांगाव्या लागत नाहीत.

याशिवाय संरक्षित स्मारके. केंद्रीय पुरातत्त्व विभागाच्या स्मारकापासून १०० मीटरपर्यंत नवे बांधकाम प्रतिबंधित आहे आणि त्यापुढच्या २०० मीटरमध्ये त्यांची परवानगी लागते. शनिवारवाड्याच्या आसपासच्या जुन्या घरांच्या मालकांना याचा अर्थ चांगला माहीत आहे. विमानतळाजवळ उंचीचे ना-हरकत पत्र, समुद्र किंवा खाडीजवळ सीआरझेडचे, म्हणजे किनारपट्टीचे, नियम, लष्करी आस्थापनांजवळ त्यांची मंजुरी, आणि डोक्यावरून उच्चदाबाची वाहिनी जात असेल तर तिच्यापासूनचे अंतर. यातले काय लागू आहे, हे प्लॉट घेण्याआधी एखाद्या आर्किटेक्टला अर्धा दिवस देऊन तपासून घ्या. त्याला दिलेले पैसे वाया जात नाहीत.

एक गुंठ्याचा तुकडा घेतला आहे. चालेल?

आधी लेआउट, म्हणजे जमिनीचे प्लॉट पाडण्याचा नकाशा, मंजूर आहे का ते बघा. मंजूर लेआउटमधला छोटा प्लॉट आणि शेतजमीन फाडून विकलेला एक गुंठा, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसऱ्या प्रकाराला गुंठेवारी म्हणतात. ती नियमित करण्यासाठी २००१ चा गुंठेवारी कायदा आहे. २०२१ च्या दुरुस्तीने ३१ डिसेंबर २०२० पर्यंतचे प्लॉट आणि त्यांवरची बांधकामे त्यात आली. तुमचा प्लॉट त्यात बसत असेल तर आधी नियमित करून घ्या, परवानगीचा अर्ज त्यानंतर.

एनए करावे लागेल का?

विकास आराखडा लागू असलेल्या शहरी भागात, आराखड्यातल्या वापराप्रमाणेच बांधायचे असेल तर वेगळी अकृषिक परवानगी लागत नाही. जमीन महसूल संहितेतले कलम ४२ब यासाठीच आणले गेले. शासनाला देय असलेली रक्कम भरून महसुली नोंद करून घेण्याचे काम मात्र विसरू नका. जमीन वर्ग दोनची (म्हणजे शासनाच्या परवानगीशिवाय विकता न येणारी), इनाम किंवा वतनाची असेल तर गोष्ट वेगळी. तिथे जिल्हाधिकारी कार्यालयाची मंजुरी आधी लागते.

कोणती कागदपत्रे जमवायची?

ताजा सातबारा किंवा मालमत्ता पत्रक, नोंदणीकृत खरेदीखत, भूमी अभिलेखची मोजणी नकाशाची 'क' प्रत, मंजूर लेआउटची प्रत, कर थकबाकी नसल्याचा दाखला, आणि आर्किटेक्टने काढलेले नकाशे. मालक अनेक असतील तर सगळ्यांची संमती. मालक परगावी असेल तर कुलमुखत्यारपत्र.

यातला मोजणी नकाशा लोक टाळतात, कारण मोजणीला वेळ लागतो. माझ्याकडे एक जोडपे आले होते, पाया भरून झाल्यावर. कुंपण वडिलांच्या काळापासून तिथेच होते, म्हणून हद्द तीच धरली होती. मोजणीत हद्द दोन फूट आत सरकली आणि एका बाजूचे सामासिक अंतर, म्हणजे इमारत आणि हद्द यांच्यात सोडायची मोकळी जागा, नियमापेक्षा कमी भरले. त्या बाजूचे कॉलम तोडून परत उभे करावे लागले. मोजणी आधी करा, मग बाकी सगळे.

सातबाऱ्यावर मयत माणसाचे नाव अजून असेल तर वारसनोंद करून घ्यायलाही तेवढीच घाई करा. नावाच्या घोळामुळे अडलेल्या फायली, नकाशातल्या चुकांमुळे अडलेल्या फायलींपेक्षा माझ्याकडे जास्त आल्या आहेत.

आर्किटेक्टच हवा की इंजिनिअर चालेल?

छोट्या घरासाठी पालिकेचा परवाना असलेली तांत्रिक व्यक्ती चालते. कोणी किती मोठ्या इमारतीची कामे करायची, याच्या मर्यादा नियमावलीत आहेत. आर्किटेक्ट असेल तर कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरचा नोंदणी क्रमांक विचारा. नकाशे काढणारा आणि स्ट्रक्चरल डिझाइन करणारा ही दोन वेगळी कामे आहेत. खोली कुठे, जिना कुठे हे पहिला ठरवतो. कॉलममध्ये किती जाडीची किती सळई लागेल हे दुसरा. तळमजल्यावर एक मजला वाढवताना या दुसऱ्या माणसाला फाटा देणे ही घातक काटकसर आहे. महाडमधली तारिक गार्डन ही पाच मजली इमारत २४ ऑगस्ट २०२० रोजी कोसळली आणि १६ जण गेले. इमारत दहा वर्षांचीही नव्हती.

छोट्या घरासाठी काही सोपी पद्धत आहे का?

आहे, आणि ती फार कमी लोकांना माहीत आहे. यूडीसीपीआरमध्ये १५० चौरस मीटरपर्यंतच्या प्लॉटवरचे छोटे घर कमी जोखमीचे धरले जाते. आर्किटेक्टने किंवा परवानाधारक इंजिनिअरने नियमाप्रमाणे असल्याचे प्रमाणित केलेला नकाशा द्यायचा, शुल्क भरायचे, आणि ती पोच म्हणजेच परवानगी. १५० ते ३०० चौरस मीटरच्या प्लॉटसाठी १० दिवसांत परवानगीची तरतूद आहे.

इथे गुंठ्याचा हिशेब नीट करा. एक गुंठा १०८९ चौरस फूट, म्हणजे १०१.१७ चौरस मीटर. दीड गुंठा १५१.७६ चौरस मीटर होतो, म्हणजे १५० ची मर्यादा पावणेदोन चौरस मीटरने ओलांडतो. तीन गुंठे ३०३.५१ होतात, तेही ३०० च्या पलीकडे. व्यवहार गुंठ्यात आणि नियम मीटरमध्ये, यामुळे दीड गुंठेवाले सोप्या पद्धतीच्या भरवशावर येतात आणि हिरमुसून जातात. कागदावरचे क्षेत्र मीटरमध्ये किती आहे ते आधी पाहा.

आणि 'सोपी' याचा अर्थ नियम माफ असा नव्हे. सामासिक अंतर, उंची, एफएसआय सगळे तसेच पाळावे लागते. प्रमाणित करणाऱ्याची जबाबदारी उलट वाढते.

एफएसआय म्हणजे काय, आणि मला किती मिळेल?

प्लॉटच्या क्षेत्राच्या किती पट बांधता येईल, तो आकडा. मराठीत चटई क्षेत्र निर्देशांक. यूडीसीपीआरखाली महापालिका क्षेत्रात गावठाण आणि दाट वस्तीबाहेर मूळ एफएसआय १.१० आहे. म्हणजे २०० चौरस मीटरच्या प्लॉटवर २२०. त्यावर रस्त्याच्या रुंदीप्रमाणे प्रीमियम भरून आणखी एफएसआय आणि टीडीआर (दुसऱ्या जमिनीचे विकत घेतलेले बांधकाम हक्क) घेता येतो. शिवाय प्रीमियम भरून पूरक एफएसआय मिळतो, निवासी वापरासाठी ६० टक्क्यांपर्यंत, अनिवासीसाठी ८० टक्क्यांपर्यंत.

पूर्वी बाल्कनी, जिना, पॅसेज एफएसआयमधून वगळलेले असत आणि त्यावरून फार वाद होत. आता 'पी-लाइन' पद्धत आहे: इमारतीच्या बाहेरच्या कडेने रेषा मारायची, आतले बहुतेक सगळे मोजायचे. माझ्या मते ही पद्धत चांगली आहे, कारण बाल्कनी म्हणून मंजूर करून घ्यायची आणि नंतर खोलीत घ्यायची, या जुन्या सवयीला त्यामुळे आळा बसला.

खर्च किती येतो?

शहर, रेडी रेकनरचा (सरकारने ठरवलेला जमिनीचा) दर आणि बांधकामाचे क्षेत्र यावर आकडा ठरतो, त्यामुळे दुसऱ्याची पावती बघून अंदाज बांधू नका. भरायचे ते असे: छाननी शुल्क, विकास शुल्क (जमिनीचे आणि बांधकामाचे वेगळे; व्यापारी वापरासाठी दर जास्त), वाढीव एफएसआय घेतला तर प्रीमियम, सुरक्षा अनामत, आणि बांधकाम खर्चावर १ टक्का कामगार कल्याण उपकर. प्रत्येक रकमेचे चलन पालिकेच्या नावाने निघते. चलनाबाहेर कोणी रक्कम सांगत असेल तर देऊ नका आणि लाचलुचपत प्रतिबंधक विभागाकडे तक्रार करा. त्यांचा टोल फ्री क्रमांक १०६४ आहे.

किती दिवसांत निर्णय व्हायला हवा?

कलम ४५ प्रमाणे अर्ज मिळाल्यापासून, किंवा पालिकेने मागवलेल्या खुलाशाला उत्तर मिळाल्यापासून, ६० दिवस. तेवढ्यात निर्णय कळवला नाही तर परवानगी दिली असे मानले जाते. पण हे मानणे नियमात बसणाऱ्या अर्जापुरतेच आहे. नकाशा नियमाबाहेर असेल तर ६० दिवस उलटून गेले म्हणून तो कायदेशीर होत नाही. मानीव परवानगीवर काम सुरू करण्याआधी वकिलाचा सल्ला घ्या आणि पालिकेला लेखी कळवा.

झोन दाखल्यापासून भोगवट्यापर्यंतच्या बऱ्याच सेवा महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ खाली अधिसूचित आहेत. मुदत टळली तर अपील करता येते, आणि अपिलाचा नुसता अर्ज गेला की फाईल हलते, असा माझा अनुभव आहे.

फाईल परत कशामुळे येते?

अर्ज ऑनलाइन जातो आणि नकाशा आधी सॉफ्टवेअर तपासते. त्यात संगणकावरच्या नकाशाचे थर (लेयर) चुकीचे लावले, खोलीला नाव दिले नाही, जिन्याची रुंदी कमी भरली, तर तो तिथेच थांबतो. माणसांपर्यंत पोचलेल्या फायली बहुधा क्षेत्रातल्या तफावतीवर अडतात: सातबाऱ्यावर एक आकडा, मोजणीत दुसरा, खरेदीखतात तिसरा. अशा वेळी सगळ्यांत कमी क्षेत्र धरून नकाशा काढलात तर पुढे वाद होत नाही.

नकाशा मंजूर झाला. उद्यापासून काम सुरू करू?

हातात बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र, म्हणजे सीसी, असेल तरच. मुंबईत त्याआधी आयओडी (इंटिमेशन ऑफ डिसअप्रूव्हल) मिळतो, मुंबई महानगरपालिका अधिनियम १८८८ च्या कलम ३४६ खाली. त्याचे इंग्रजी नाव वाचून अनेकांना वाटते की अर्ज फेटाळला. प्रत्यक्षात ती अटींसह दिलेली संमती असते: या अटी पुऱ्या करा, मग सीसी मिळेल. आयओडीवर खोदाई सुरू करायची नसते.

काम सुरू करताना पालिकेला कळवायचे, आणि परवानगीचा तपशील असलेला फलक व मंजूर नकाशा जागेवर ठेवायचा. मग येते जोते तपासणी. जोत्यापर्यंत काम आले की परवानाधारकाने तसे प्रमाणपत्र द्यायचे आणि पालिका जागेवर मापे घेते. या टप्प्यावर चूक सापडली तर ती थोड्या खर्चात सुधारता येते. भिंती छतापर्यंत गेल्यावर तीच चूक काढायला घर पाडावे लागते. म्हणून 'तपासणी उरकून टाका' असे कोणी म्हणाले तर ऐकू नका. स्वतः हजर राहा, टेप धरा.

काम चालू असताना बदल करायचा झाला तर?

सुधारित नकाशा मंजूर करून घ्या, आणि मग बदला. आतला दरवाजा इकडचा तिकडे करणे वेगळे, पण बाहेरची भिंत सरकणे, मजला वाढणे, पार्किंगच्या जागी खोली येणे याला आधी मंजुरी हवी. मुंबईत वरळीच्या कॅम्पा कोला वसाहतीत मंजुरी पाच मजल्यांची होती आणि एक इमारत वीस मजल्यांपर्यंत गेली. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वरचे मजले पाडण्याचा आदेश कायम केला. तिथे घर घेतलेल्या कुटुंबांनी पैसे मोजले होते, वर्षानुवर्षे संसार केले होते. मंजूर नकाशात आपला मजला आहे का, हे त्यांच्यातल्या अनेकांनी घेताना पाहिलेच नव्हते.

परवानगी किती काळ चालते?

एक वर्ष. काम सुरू झाले नसेल तर दर वर्षी नूतनीकरण, एकूण चार वर्षांपर्यंत. त्यानंतर नवा अर्ज, त्या वेळच्या नियमांप्रमाणे. नियमावलीत इमारतीचे काम सुरू होणे म्हणजे जोते पूर्ण होणे. चार खड्डे खणून ठेवल्याने मुदत वाचत नाही.

दुकान, ऑफिस किंवा हॉस्पिटलसाठी वेगळे काय लागते?

पहिला प्रश्न रस्त्याचा, तो वर आला आहे. दुसरा पार्किंगचा, व्यापारी वापराला ते जास्त लागते आणि छोट्या प्लॉटवर बहुतेक बेत इथेच फसतात. तिसरा अग्निशमनाचा. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम २००६ खाली यंत्रणा बसवून झाल्यावर परवानाधारक एजन्सीचे प्रमाणपत्र लागते आणि पुढे दर वर्षी जानेवारी आणि जुलैमध्ये ती यंत्रणा चालू असल्याचे प्रमाणपत्र द्यावे लागते. जिन्यात माल साठवू नका, बाहेर पडायच्या दाराला कुलूप लावू नका. गुदमरून जाणारी माणसे अनेकदा दारापर्यंत पोचलेली असतात.

चौथी गोष्ट, जिच्याकडे नकाशा काढणारेही दुर्लक्ष करतात, ती अपंग व्यक्तींची सोय. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याप्रमाणे ती नसेल तर परवानगीही देता येत नाही आणि पूर्णत्वाचा दाखलाही. रॅम्पचा उतार १२ फुटांना १ फूट यापेक्षा तीव्र नको. दाराशी दोन पायऱ्या करून कडेला लोखंडी फळी ठेवणे म्हणजे रॅम्प नव्हे. चाकाच्या खुर्चीवर बसून त्या फळीवरून एकदा जाऊन बघा.

बांधकाम २०,००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठे असेल तर पर्यावरण मंजुरीही लागते. आणि प्लॉट ५०० चौरस मीटरपेक्षा मोठा असेल आणि आठपेक्षा जास्त सदनिका किंवा गाळे विकायचे असतील तर महारेराची, म्हणजे गृहप्रकल्पांवर देखरेख करणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाची, नोंदणी.

शेजाऱ्याने हरकत घेतली तर परवानगी थांबते का?

नुसत्या तक्रारीने नाही. पालिका मालकीचा वाद सोडवत नाही. तिने दिलेल्या परवानगीने तुमची मालकीही सिद्ध होत नाही. न्यायालयाचा मनाईहुकूम असेल तर काम थांबवावेच लागते. शेजारी जर सामासिक अंतराबद्दल बोलत असेल तर त्याचे ऐका. ते अंतर दोघांच्याही उजेडासाठी, वाऱ्यासाठी आणि वेळ आली तर अग्निशमन दलाच्या माणसांना आत शिरता यावे म्हणून असते.

घर पूर्ण झाले, राहायलाही आलो. आता आणखी काय उरले?

भोगवटा प्रमाणपत्र, ओसी. तेच नसेल तर परवानगीचे काम अर्धेच झाले आहे.

सीसी सांगते की असे बांधा. ओसी सांगते की तसेच बांधले आहे आणि आत राहणे सुरक्षित आहे. बांधकाम संपल्यावर आर्किटेक्ट पूर्णत्वाचा दाखला देतो, स्ट्रक्चरल इंजिनिअर मजबुतीचा, लागू असेल तिथे अग्निशमन, ड्रेनेज, लिफ्ट यांची प्रमाणपत्रे जोडली जातात, पालिका पाहणी करते आणि ओसी देते. एवढे सगळे असताना लोक ते का घेत नाहीत? कारण वास्तुशांत झालेली असते, सामान लागलेले असते, पैसे संपलेले असतात, आणि वीज-पाणी कुठून तरी मिळालेले असते. मग दहा वर्षांनी घर विकायला काढले की गिऱ्हाइकाची बँक ओसी मागते. तोवर आर्किटेक्ट गाव सोडून गेलेला असतो, नियम बदललेले असतात, आणि मधल्या काळात मागच्या बाजूला एक शेड वाढलेली असते.

आता हे टाळणे आणखी महाग पडणार आहे. १७ डिसेंबर २०२४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले आहे की वीज, पाणी, सांडपाण्याच्या जोडण्या पूर्णत्वाचा किंवा भोगवट्याचा दाखला पाहूनच द्याव्यात, आणि बँकांनीही इमारत तारण घेऊन कर्ज देताना तो तपासावा.

इमारतीचा काही भाग पूर्ण झाला असेल तर अंशतः भोगवटा मिळतो. पैसे कमी पडले म्हणून वरचा मजला राहिला असेल तर तळमजल्याचा घेऊन ठेवा. कॉन्ट्रॅक्टरशी करार करतानाच एक ओळ लिहा: शेवटचा हप्ता ओसी हातात आल्यावर. आर्किटेक्टच्या मानधनाचेही तसेच करा. माझ्या स्वतःच्या करारात मी ही अट घालतो, कारण तिच्यामुळे मलाही शेवटपर्यंत फाईलमागे राहावे लागते.

फ्लॅट घेतो आहे. बिल्डरने दाखवलेली परवानगी खरी की खोटी?

स्वतः तपासा. डोंबिवली परिसरात खोट्या बांधकाम परवानग्या दाखवून महारेराचे नोंदणी क्रमांकही मिळवले गेले, आणि २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अशा ६५ इमारती पाडण्याचे आदेश दिले. त्या घरांवर लोकांनी कर्जे काढली होती. म्हणजे महारेराचा क्रमांक आणि बँकेचे कर्ज या दोन्हींवर डोळे मिटून विसंबता येत नाही. सीसीचा क्रमांक आणि तारीख घेऊन पालिकेच्या संकेतस्थळावर शोधा, नगररचना विभागात जाऊन विचारा, किंवा माहितीच्या अधिकारात मंजूर नकाशाची प्रत मागा. ३० दिवसांत उत्तर मिळायला हवे. मग त्या नकाशात तुमचा मजला आणि तुमचा फ्लॅट बोटाने दाखवून घ्या.

आमचे बांधकाम परवानगीशिवाय झाले आहे. आता काय?

लपवू नका. नोटीस येण्याआधीच आर्किटेक्टला बोलावून काय नियमात बसते आणि काय नाही, याची मापे घ्या. जे बसते त्यासाठी प्रशमन शुल्क (एक प्रकारचा दंड) भरून नियमित करण्याचा अर्ज करता येतो. जे बसत नाही, ते स्वतः काढलेले स्वस्त पडते. नगररचना अधिनियमाच्या कलम ५३ ची नोटीस आली तर बांधकाम कायम ठेवण्याच्या परवानगीसाठी अर्ज करायची मुभा त्याच कलमात आहे, पण मुदतीच्या आत. त्याच अधिनियमाच्या कलम ५२ खाली एक महिना ते तीन वर्षे कैदेची तरतूद आहे, हेही माहीत असावे.

परवानगीच नसलेल्या इमारतीत राहणाऱ्यांनी मजबुतीची तपासणी आधी करावी, कागद नंतर. ठाण्याजवळ शीळ फाट्याला ४ एप्रिल २०१३ रोजी कोसळलेली इमारत बेकायदा होती आणि काम चालू असतानाच तिथे माणसे राहायला आणली होती. ७४ जण गेले, त्यांत लहान मुले बरीच होती.

अर्ज नाकारला. पुढे?

नकार कारणांसह लेखी घ्या. दुरुस्त होण्यासारखे असेल तर नवा नकाशा द्या. बहुतेक वेळा तेच लवकर होते. नियमाचा अर्थच चुकीचा लावला असे वाटत असेल तर नगररचना अधिनियमाच्या कलम ४७ खाली ४० दिवसांत राज्य शासनाकडे अपील करता येते. दिवस आदेश कळल्याच्या तारखेपासून मोजतात, म्हणून ते पाकीट आणि त्यावरचा शिक्का जपून ठेवा.

जुन्या घराचा मंजूर नकाशा हरवला आहे. मिळेल का?

पालिकेच्या अभिलेख कक्षात अर्ज करा. जुना घर क्रमांक, सिटी सर्व्हे क्रमांक, बांधकामाचे अंदाजे साल आणि त्या वेळच्या मालकाचे नाव दिले तर शोधणे सोपे जाते. बँकेत कर्ज काढले असेल तर त्यांच्या फायलीत प्रत असते, तीही मागा. मिळाल्यावर तीन प्रती काढा आणि एक घराबाहेर, दुसऱ्या कोणाकडे तरी, ठेवा.